पाव सेकंद लाल

कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरला वीज मिळाली की त्याच्या तोंडावरचे दोन दिवे एक क्रम पुरा करतात. आधी ‘मॉड्यूल स्टेटस’चा दिवा पाव सेकंद हिरवा, पाव सेकंद लाल आणि पुन्हा हिरवा होतो. पाठोपाठ ‘नेटवर्क स्टेटस’चा दिवा पाव सेकंद हिरवा, पाव सेकंद लाल होतो आणि विझतो. एमसीबी वर करणाऱ्याची नजर तेव्हा सहसा दुसरीकडे असते, पॉवर सप्लायवर नाहीतर लॅपटॉपवर, आणि हा सगळा प्रकार कुणाच्या लक्षातही न येता उरकतो. ही कुणा एका कंपनीची हौस नव्हे. इथरनेट/आयपी या औद्योगिक नेटवर्कच्या नियमावलीत हा क्रम वेळेच्या हिशेबासकट लिहून ठेवलेला आहे. त्यातला लाल मला फार आवडतो. काहीही बिघडलेलं नसताना तो मुद्दाम पेटवला जातो, कारण पुढे महिनोन्‌महिने ‘लाल दिसत नाही’ एवढ्याच गोष्टीवर माणसं विसंबणार असतात. लाल पेटू शकतो हे आधी सिद्ध झालं, तरच त्याच्या न पेटण्याला किंमत येते. ज्याने एका दिव्याबद्दल एवढा विचार केला, त्याच्या बाकीच्या कामाकडेही बारकाईने पाहावंसं वाटतं.

नांदेड जिल्ह्यातला मुदखेड-अर्धापूरचा पट्टा उसाचा आणि केळीचा, आणि असे कंट्रोलर इथे भेटतात ते साखर कारखान्यांत. अर्धापूर तालुक्यात भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखाना आहे, आणि थोडं दूर गेलं की नांदेड-लातूर-परभणीत कारखान्यांची धुराडी एकामागून एक दिसू लागतात. बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं, गव्हाणीत मोळी पडली, की हंगाम संपेपर्यंत साखर कारखाना रात्र-दिवस ओळखत नाही. आजच्या कारखान्यात मिलच्या तोंडावरच्या शूटमध्ये उसाची पातळी किती आहे ते पाहून कॅरियरचा वेग कमी-जास्त करणं, रसात चुना आणि गंधकाचा वायू सोडताना सामू सातच्या आसपास धरून ठेवणं, बॉयलरच्या ड्रममधलं पाणी वाफेच्या मागणीप्रमाणे राखणं, ही कामं कंट्रोलरकडे असतात. भुश्शाची धूळ, वाफ, मोटारींची घरघर या सगळ्यात बंद पॅनेलच्या आत बसलेला हा डबा बाहेरच्या माणसाशी बोलतो तो त्याच्या दिव्यांतून. १९६९च्या सुमारास अमेरिकेत मोडिकॉन ०८४ हा पहिल्या काही पीएलसींपैकी, म्हणजे अशा प्रोग्रॅम करता येणाऱ्या कंट्रोलरांपैकी, एक आला, त्याआधी हेच काम रिलेंच्या भिंती करत. रिले ओढला की टक् असा आवाज व्हायचा आणि मुरलेला इलेक्ट्रिशियन कानांनी यंत्र ओळखायचा. पीएलसी आला, आवाज गेला, आणि ती सगळी जबाबदारी डोळ्यांवर आली.

एक नग समोर घेऊ. ॲलन-ब्रॅडलीचा कॉम्पॅक्टलॉजिक्स ५३८०. तोंडावर चार अक्षरांची एक छोटी पट्टी, जिच्यावरून मजकूर सरकत जातो. तिच्याबरोबर रन, फोर्स, एसडी, आय/ओ आणि ओके असे दिवे. मग पोर्टांचे दिवे: नेट ए-१, लिंक ए-१, नेट ए-२, लिंक ए-२. रन, रिमोट, प्रोग्रॅम अशा तीन जागांची किल्ली. आणि इथरनेटची दोन पोर्ट, आपल्या घरच्या राउटरला असतात तसल्याच आरजे-४५च्या तोंडाची. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही दिव्यांची गर्दी वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक दिवा एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायला बसवलेला आहे, आणि शेजारच्या दिव्याच्या प्रश्नात तो तोंड घालत नाही. या मांडणीचं खरं सौंदर्य इथे आहे.

लिंक आणि नेट ही जोडी पाहा. लिंकचा दिवा फक्त तारेबद्दल बोलतो. केबलच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी जिवंत आहे का? असेल तर हिरवा, काही येत-जात असेल तर लुकलुकता हिरवा, कुणीच नसेल किंवा पोर्ट बंद केलेलं असेल तर विझलेला. पलीकडे कोण आहे, तो आपला आहे की परका, त्याचा पत्ता काय, यातलं काही त्याला ठाऊक नसतं आणि तो सांगायलाही जात नाही. नेटचा दिवा एक मजला वर राहतो. तो विझलेला असेल तर कंट्रोलरला आयपी पत्ताच मिळालेला नाही. हिरवा उघडझाप करत असेल तर पत्ता आहे, पण अजून कुणाशी संवाद जुळलेला नाही. स्थिर हिरवा झाला म्हणजे किमान एक तरी जोडणी उभी आहे. स्थिर लाल झाला म्हणजे हाच पत्ता नेटवर्कवर आणखी कुणीतरी घेऊन बसलं आहे. लिंक पेटलेला आणि नेट विझलेला असं दिसलं तर केबल तपासण्यात वेळ घालवायचं कारण उरत नाही. केबल, कनेक्टर, स्विचचं पोर्ट हे सगळं निर्दोष ठरलं, दोष पत्त्याचा. दोन दिव्यांच्या एका नजरेत अर्धा कारखाना संशयातून मोकळा होतो.

आणि ती उघडझाप. तिचा वेग साधारण सेकंदाला एक, म्हणजे अर्धा सेकंद पेटणं, अर्धा सेकंद विझणं. लिंकची लुकलुक मात्र अनियमित आणि भराभर असते, कारण ती खऱ्या वाहतुकीची सावली असते. एकाच रंगाच्या दोन हालचाली, पण एक घड्याळासारखी आणि दुसरी वर्दळीसारखी. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की पॅनेलपासून चार पावलं लांब उभं राहूनही, खालचं नाव न वाचता, कोणता दिवा काय म्हणतोय ते कळतं. रंगांचाही इतिहास आहे. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी दिसणाऱ्या लाल प्रकाशाचा एलईडी केला. पिवळा १९७२ मध्ये जॉर्ज क्रॅफर्ड यांच्या हातून आला. झगझगीत निळ्यासाठी १९९३ पर्यंत, नाकामुरांपर्यंत, थांबावं लागलं. कारखान्यातल्या दिव्यांचं व्याकरण लाल, पिवळा आणि हिरवा या तिघांवर उभं राहिलं. मला तर वाटतं, रंग तीनच होते म्हणूनच उघडझापीला अर्थ द्यावा लागला, आणि त्या टंचाईतून भाषा समृद्ध झाली.

पत्ता देण्याच्या रीतींत तर कंपन्यांचे स्वभाव दिसतात. खोक्यातून काढलेल्या नव्या ५३८०ला पत्ता नसतो. तो डीएचसीपीने पत्ता मागत बसतो आणि मागताना आपला मॅक पत्ता पट्टीवरून सरकवत राहतो. मॅक हा कारखान्यातच कोरून आलेला, जगात एकच असणारा. म्हणजे पत्ता नसलेलं यंत्रही स्वतःची ओळख सांगत उभं असतं. लॅपटॉपवरच्या यादीत तोच मॅक शोधायचा आणि त्याला आयपी नेमून द्यायचा. मात्र इथे एक बारीक खोच आहे. पत्ता दिला पण डीएचसीपी बंद करायचं राहिलं, तर तो पत्ता पुढच्या वीज जाण्यापर्यंतचाच. वीज आली की कंट्रोलर पुन्हा पत्ता मागू लागतो आणि नेटचा दिवा विझलेला. मराठवाड्यात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, त्यामुळे हा दोष चाचणीच्या दिवशी न दिसता नेमका भर हंगामात उगवतो. म्हणून जाणता माणूस पत्ता दिल्यावर मुद्दाम एकदा वीज घालवून परत आणतो आणि मगच पॅनेलचं दार लावतो.

ॲलन-ब्रॅडलीच्याच काही इथरनेट कार्डांवर याहून जुनी, मला अतिशय प्रिय असलेली सोय आहे: अंकांच्या तीन फिरत्या चकत्या. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ००१ ते २५४ मधला आकडा लावला की पत्ता १९२.१६८.१ आणि पुढे तो आकडा. लॅपटॉप नको, सॉफ्टवेअर नको. ८८८ लावून वीज दिली तर कार्ड कारखान्यातून आलं तसं कोरं होतं. कार्ड बदलायची वेळ रात्री दोनला आली तर जुन्या कार्डावरचा आकडा पाहायचा, नव्यावर तोच लावायचा, संपलं. पत्ता डोळ्यांना दिसतो आणि बोटांना लागतो, हे सुख सॉफ्टवेअरच्या कोणत्याही खिडकीत नाही.

सीमेन्सची चाल निराळी. त्यांच्या प्रोफिनेटमध्ये दूरच्या आय/ओ उपकरणाची ओळख आकड्याने होत नाही, नावाने होते. उपकरणाला नाव द्यायचं. कंट्रोलर सुरू होताना ते नाव हाक मारून शोधतो आणि त्याला आयपी स्वतःच देतो. उपकरण जळालं, नवं आणलं, तर त्याला जुनं नाव दिलं की झालं. आणि नाव देताना चुकीच्या डब्याला दिलं जाऊ नये म्हणून त्यांच्या टीआयए पोर्टल या सॉफ्टवेअरमध्ये दिवे उघडझाप करायला लावायची एक चौकट आहे. एका रांगेत सारखेच पाच डबे बसवलेले असतात. पडद्यावर एकाची निवड करून त्या चौकटीत खूण केली, की त्या एकाच्याच तोंडावरचे दिवे उघडझाप करू लागतात. बिघाड नाही, इशारा नाही; ‘मी इथे आहे’ एवढंच. एरवी माणूस यंत्राकडे पाहून प्रश्न विचारतो, इथे माणूस यंत्राला हाक मारतो आणि ते हात वर करतं. सीमेन्सच्याच एस७-१२०० या छोट्या कंट्रोलरच्या पोर्टाचे दिवे तर खालचं झाकण उघडल्याखेरीज दिसत नाहीत. हिरवा लिंकचा, पिवळा देवाणघेवाणीचा. ते झाकणाआड का ठेवले हे मला पटलेलं नाही. जो दिवा सगळ्यात आधी पाहायचा तो उघडा असावा.

पुन्हा ५३८०कडे. त्याला दोन पोर्ट का? इथे कॉन्फिगरेशनचा खरा रंग भरतो, कारण या दोन पोर्टांना दोन वेगळी आयुष्यं जगता येतात. पहिल्या रीतीत दोन्ही पोर्टांचा पत्ता एकच. एकातून आलेलं दुसऱ्यातून पुढे जातं, आणि मिल हाऊस, बॉयलर, क्लॅरिफायर, पॅन अशी उपकरणं एकामागून एक जोडत शेवटची केबल परत कंट्रोलरला आणली की कडं पूर्ण होतं. या कड्यावर एक उपकरण पहारेकरी असतं. ते दोन्ही दिशांनी अखंड खुणेचे संदेश सोडत राहतं आणि स्वतःच्या एका पोर्टावर वाहतूक अडवून ठेवतं, नाहीतर कड्यात संदेश गोल-गोल फिरत राहतील. कुठे केबल तुटली की खुणेचे संदेश पोहोचत नाहीत आणि पहारेकरी अडवलेली वाट मोकळी करतो. पन्नास उपकरणांच्या कड्यात हे सगळं तीन मिलिसेकंदांच्या आत आटोपतं. मिलला, पंपाला, व्हॉल्व्हला पत्ताही लागत नाही.

पण दिव्यांना लागतो. कंट्रोलरच्या शेजारची केबल तुटली असेल तर एक लिंक विझलेला आणि नेट मात्र निवांत स्थिर हिरवा, असं चित्र दिसतं. घाईतला माणूस नेट पाहतो आणि पुढे जातो. रसिक इथे थबकतो. काम चालू आहे, पण राखीव वाट खर्च झालेली आहे. आता आणखी एक केबल तुटली तर कारखाना थांबेल. तूट दूर कुठे, दोन भलत्याच डब्यांमध्ये असेल तर कंट्रोलरचे दोन्ही लिंक पेटलेलेच राहतील, मग पहारेकऱ्यालाच विचारावं लागतं. एका विझलेल्या हिरव्यात ‘आज’ आणि ‘उद्या’ यांतला फरक साठवलेला असतो, आणि तो वेळेवर वाचणारा माणूस कारखान्याला न दिसणारं उत्पन्न मिळवून देतो.

दुसऱ्या रीतीत दोन पोर्टांना दोन स्वतंत्र पत्ते, दोन स्वतंत्र नेटवर्कं. एका बाजूला यंत्रं, दुसऱ्या बाजूला कचेरी, जिथे गाळपाचे आकडे आणि उताऱ्याचे अहवाल जातात. दोन सबनेट एकमेकांवर चढता कामा नयेत, ही अट. आणि साधी आयपी वाहतूक एका पोर्टातून दुसऱ्यात कंट्रोलर जाऊ देत नाही. हिशेब खात्यातल्या संगणकात काही घुसलं, तर त्याला बॉयलरच्या पाण्यापर्यंतची वाट सरळ मिळत नाही. नेटचे दोन दिवे याच रीतीत पुरते अर्थपूर्ण होतात: ए-१ स्थिर हिरवा, ए-२ उघडझाप, म्हणजे यंत्रं बोलत आहेत आणि कचेरीतून कुणी विचारत नाही. यंत्राच्या दृष्टीने यात चिंता करण्याजोगं काही नाही, आणि दिवाही लाल होत नाही.

आता ते, जे कोणताच दिवा सांगत नाही. दोन पोर्ट जोडली की तार जिवंत होताच दोघं दर सोळा मिलिसेकंदांच्या आसपास स्पंदनांचा एकेक पुंजका पाठवून ठरवतात: शंभर मेगाबिट की दहा, आणि एकाच वेळी दोघांनी बोलायचं की आळीपाळीने. १९९५ मध्ये शंभर मेगाबिटच्या इथरनेटबरोबर ही आपसातली बोलणी रूढ झाली. समजा कुणी कंट्रोलरचं पोर्ट हाताने ‘शंभर, दोघं एकदम’ असं बांधून टाकलं आणि स्विचचं पोर्ट मात्र बोलणीवर ठेवलं. बांधलेलं पोर्ट बोलणी करतच नाही. स्विचला तारेवरून वेग ओळखता येतो, पण बोलण्याची रीत ओळखता येत नाही. अशा वेळी नियमाप्रमाणे त्याला ‘आळीपाळीने’ असं धरून चालावं लागतं. झालं. एक जण थांबून-ऐकून बोलतो, दुसरा न थांबता. लिंक दोन्हीकडे हिरवा. पिंग मारला तर पिंग येतो, कारण पिंग लहान आणि विरळ. कारखाना उभा असताना सगळं ठीक. गाळप सुरू होतं, वाहतूक वाढते, टकरी होऊ लागतात, संदेश तुटके पोहोचतात आणि जोडण्या मधूनच सुटतात. इथे दिव्यांवर रागावण्यात अर्थ नाही. लिंकचा दिवा ‘तार जिवंत आहे’ म्हणाला होता आणि ते खरंच होतं. अशा वेळी कंट्रोलरच्या आतल्या निदानाच्या पानावर जायचं, सदोष संदेशांचे आकडे पाहायचे, आणि ते चढत असतील तर दोन्ही टोकं एकतर बोलणीवर किंवा दोन्ही सारखीच बांधलेली करायची. दिव्याची हद्द कुठे संपते हे ओळखण्यात त्याचा मान आहे.

फोर्सचा पिवळा दिवा मला या सगळ्यांत सर्वांत मानवी वाटतो. फोर्स म्हणजे कंट्रोलरला खरी स्थिती न विचारता आपण म्हणू ते मानायला लावणं. रात्रपाळीत रसाच्या टाकीवरचा लेव्हल स्विच अडकतो, पंप सुरू होत नाही, गाळप थांबवणं परवडत नाही. शिफ्ट इंजिनिअर त्या स्विचवर फोर्स मारतो, पंप चालू होतो, रात्र निभावते. सकाळी पाळी बदलते. लॉगबुकमध्ये ओळ लिहायची राहिली तर दिवसपाळीला कळायचं कसं की ती टाकी आता आंधळी आहे, भरून वाहू लागली तरी पंपाला ते समजणार नाही? पॅनेलमध्ये स्थिर पिवळा दिवा उभा असतो. ‘फोर्स मारलाय का?’ हा प्रश्न दिवसपाळीवाल्याने विचारण्याआधीच त्याचं उत्तर पेटलेलं असतं. आणि आराखडा करणाऱ्यांची नजाकत पुढे आहे. फोर्सची किंमत भरून ठेवली आहे पण अजून लागू केलेली नाही, या स्थितीसाठी पिवळा उघडझाप करतो. लागू आहे, तर स्थिर. उलटंही चालतं: एकही फोर्स भरलेला नसताना फोर्सची परवानगी तेवढी चालू असेल, तरी दिवा स्थिरच. कारण त्या क्षणी कुणी एक किंमत भरली तर ती विचारणा न होता यंत्रावर जाईल. घडलेल्या आणि घडू शकणाऱ्या गोष्टींत इतका फरक करणारा दिवा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आय/ओचा दिवाही बघण्यासारखा. सगळी उपकरणं उत्तर देत असतील तर स्थिर हिरवा. त्यातलं एखादं गप्प झालं तर लाल नाही, उघडझाप करणारा हिरवा. सगळीच गप्प झाली तर उघडझाप करणारा लाल. गप्प झालं हे कंट्रोलर ठरवतो कसं? प्रत्येक उपकरणाशी ठरलेल्या अंतराने, समजा दर वीस मिलिसेकंदांनी, देवाणघेवाण होते. एक संदेश चुकला म्हणून जोडणी सुटत नाही. ठरलेल्या अंतराच्या किमान चौपट वाट पाहिली जाते, आणि ही पट चार, आठ, सोळा अशी दुपटीने वाढवत ५१२ पर्यंत नेता येते. सैल ठेवली तर बिघाड उशिरा कळेल, आवळून ठेवली तर प्रत्येक खरखरीला यंत्र थांबेल. या एका आकड्यात इंजिनिअरचा स्वभाव उतरतो. म्हणून एकाच बनावटीच्या दोन कंट्रोलरांच्या हिरव्यांना एकच वजन नसतं. कोणत्या सहनशीलतेवर तो हिरवा टिकला आहे, तेही पाहायचं असतं.

मुदखेड जंक्शन आहे, नांदेडकडून आलेला मार्ग इथे आदिलाबादकडे आणि निजामाबादकडे फुटतो. फलाटाच्या टोकाला उभं राहून सिग्नल पाहिले की कंट्रोलरच्या दिव्यांतलं एक न्यून लक्षात येतं. रेल्वेच्या तीन दिव्यांच्या खांबावर हिरवा वर, पिवळा मध्ये, लाल सगळ्यात खाली, लोको पायलटच्या नजरेच्या जवळ. रंगाबरोबर जागाही बोलते. कंट्रोलरवर मात्र स्थिर हिरवा आणि स्थिर लाल एकाच भोकातून येतात. ज्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, आणि पुरुषांमध्ये हा दोष अगदी दुर्मिळ नाही, त्याला निरोगी नेट आणि पत्त्याची टक्कर झालेलं नेट सारखंच दिसेल. रेल्वेत लोको पायलटची रंगदृष्टी तपासली जाते, पॅनेल उघडणाऱ्या फिटरची कुठे तपासतात? दुसरी गोष्ट, विझलेला सिग्नल. रेल्वेच्या नियमात जिथे दिवा असायला हवा तिथे तो विझलेला दिसला तर तो धोक्याचाच मानतात. कंट्रोलरचा विझलेला नेट मात्र दोन अर्थांचा आहे, पत्ता नाही किंवा वीजच नाही, आणि दुसरा अर्थ वगळायला ओकेच्या दिव्याकडे पाहावंच लागतं. म्हणून वाचनाचा क्रम महत्त्वाचा: आधी ओके, मग लिंक, मग नेट, शेवटी आय/ओ. जे खालच्या मजल्यावर सिद्ध झालं नाही, त्याची चौकशी वरच्या मजल्यावर करू नये.

रेल्वेने आता दिव्याच्या पुढचं पाऊल टाकलं आहे. ‘कवच’ ही गाडी आपोआप थांबवू शकणारी देशी यंत्रणा जुलै २०२०मध्ये राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारली गेली, आणि दक्षिण मध्य रेल्वेवर ती पहिल्यांदा ज्या १,४६५ किलोमीटर मार्गावर बसली त्यात मनमाडहून मुदखेडमार्गे निजामाबादकडे जाणारा टप्पा आहे. पुढच्या सिग्नलचा रंग रेडिओवरून थेट इंजिनातल्या पडद्यावर येतो. धुकं असो, वळण असो, खांब दिसायची वाट पाहावी लागत नाही. दिवा गेला नाही, त्याच्या जोडीला मजकूर आला.

५३८०च्या चार अक्षरांच्या पट्टीने आपल्या दिव्यांसाठी नेमकं हेच केलं आहे, आणि रंग न दिसणाऱ्याची अडचणही तीच दूर करते. लिंक विझला तर पट्टीवरून ‘लिंक डाउन’ सरकतं आणि कोणतं पोर्ट तेही. सगळं ठीक असेल तर पोर्टाचा आयपी पत्ता फिरत राहतो, म्हणजे लॅपटॉप उघडण्याआधीच तो कागदावर उतरवून घेता येतो. पण तिची खरी कमाल दिसते ती नेट लाल झाल्यावर. एकच पत्ता दोघांनी घेतला हे नेटच्या दिव्याने सांगितलं. पट्टी त्यापुढे जाऊन ‘डुप्लिकेट आयपी’ या शब्दांच्या मागोमाग त्या दुसऱ्याचा मॅक पत्ता सरकवते. मॅक पत्त्याचा पहिला अर्धा भाग, बारापैकी सहा चिन्हं, बनवणाऱ्या कंपनीची खूण असतो. ती कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीची निघाली तर आपलंच एखादं कार्ड दुसऱ्या पॅनेलमध्ये जुन्या पत्त्यासह बसलेलं असण्याची शक्यता अधिक, आणि चकत्यांचे आकडे पाहत एकेक पॅनेल उघडायचं. ती लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डाची निघाली तर पॅनेलांना हात लावायचा नाही. सरळ कंट्रोल रूममध्ये जायचं आणि टेबलावर स्विचला लावून ठेवलेली केबल कुणाची आहे ते विचारायचं.